न बोलावलेला गणपती

गणपतीची प्रतिष्ठापना मी आयुष्यात एकदाच केली, आणि तीही दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेवर. त्याला तिथं कुणी बोलावलं नव्हतं. त्या घरानं त्याला निरोप देऊन एक पिढी उलटली होती. मला हे ठाऊक नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला सगळं ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. मराठी विषय घेऊन बीए झालेली, नवं कोरं लाल शाईचं पेन हातात, आणि डोकं म्हणाल तर रिकाम्या घागरीसारखं: आवाज मोठा, आत थेंब नाही.

हे सगळं आज वर यायला लग्नसराई कारण झाली. या ऋतूचं आणि माझं जमत नाही. परभणीचा वैशाख म्हणजे आधीच तव्यावर बसल्यागत. त्यात आमच्या मागच्या बाजूला मंगल कार्यालय झालंय, त्यामुळं सकाळपासून भिंती थरथरतात आणि मांडणीतले डबे आपोआप पुढं सरकतात. पत्रिका आता फोनवर येतात. उघडली की सनई वाजते, पाकळ्या पडतात, नवरा-नवरी सायकलवर बसून कुठंतरी निघालेले असतात. लग्न कुठं आणि कधी, ते शेवटपर्यंत कळत नाही. कळलं तरी मी जात नाही. या वयात वरणभातासाठी एवढा गोंगाट सोसायला मी काही उपाशी नाही.

माझी नात सई कूलरपुढं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली असते. ती संपादनाचं काम करते, म्हणजे शोधते. जगात कुठंतरी कुणीतरी काहीतरी लिहितं, ते नीट करून द्यायला माणूस हवा म्हणून जाहिरात टाकतं, आणि सईसारख्या शंभरजणी त्यावर माशांसारख्या बसतात. त्यातला एखादा म्हणतो, आधी दोन पानं फुकट तपासून दाखवा, मग बघू. हिची दोन पानं, तिची दोन पानं, असं करत त्याचं पुस्तक फुकटात होऊन जातं आणि तो बघत काही नाही. परवा तिला एक काम मिळालं होतं. ते करून दिलं, तर गिऱ्हाईकानं सगळ्या जगाला दिसेल असा शेरा मारला: सांगितलं नव्हतं ते या बाईंनी केलं.

"अगं आजी, मी त्याचं चांगलंच केलं होतं," सई रडवेली होऊन म्हणाली.

मला हसू आलं. तोंडात पदर कोंबला तरी आवाज आलाच.

"हसायलीस कशाला?"

"काही नाही बाई."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते, पण माझ्यापुढं न ठेवता टीपॉयशी वैर असल्यासारखा आपटते. म्हणून म्हटलं, लिहावं. बोलत नसली तरी वाचेल. दुसऱ्याचं वाचायची खोड आहे तिला, माझ्याकडूनच आलेली.

त्या पत्रिकेच्या वेळी मी सईएवढीच होते. लग्न होऊन परभणीत आलेले. आमचे हे पाटबंधारे खात्यात. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचा कायदा सोपा होता: सुनेनं नोकरी केली की घराला भोक पडतं. त्यामुळं घरबसल्या काही करता येईल का, असा माझा शोध सुरू झाला. शिवण येत नव्हतं, पापड लाटले की नकाशे व्हायचे. चुका काढणं तेवढं येत होतं. एसटीच्या पाट्या, किराणा दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता, यांच्या चुका मी रस्त्यानं चालता चालता काढायची. आत्याबाई आरती म्हणत तेव्हाही माझे ओठ हलायचे. त्यांना वाटायचं सून भक्तिभावानं म्हणतेय, मी दुरुस्त करत असायची.

मग छापखाने हिंडले. पदवीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला पदर, भर उन्हात. एका मालकानं मला वर्गणी मागायला आलेली समजून आठ आणे पुढं केले. दुसरा म्हणाला, बाई, पत्रिकांना घड्या घालायच्या तर बसा, वाचायला आमचा जुळारी आहे. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारा. त्या छापखान्यातून नुकत्याच निघालेल्या एका पत्रिकेत वराच्या जागी वधूचं आणि वधूच्या जागी वराचं नाव पडलं होतं. मी ते दाखवलं. मालक म्हणाला, "लग्न तर दोघांचंच हाय ना?" मी बाहेर पडले.

शेवटी सापडले ते मन्मथअप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू. मला काम मिळालं ते त्या मोतीबिंदूमुळं. माझ्या पदवीचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

"अक्का, बाईमाणसानं छापखान्यात कसं बसावं?" अप्पा म्हणाले. "शाई हाय, रॉकेल हाय, अन् जुळाऱ्याचं तोंड तर इचारूच नका."

"मी बसणार नाही. कागद घरी नेते, तपासून आणते."

"घरी चालंल?"

"चालवते मी."

छापखान्याला लागून पिठाची गिरणी होती. यापेक्षा जास्त देवानं माझ्यासाठी काही केलं नाही. ज्वारीचा डबा घेऊन जायचं, दळण टाकायचं, दळून होईतो शेजारी जायचं, आणि येताना गरम पिठावर ओली मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायचे कच्चे कागद, ठेवून वर झाकण लावायचं. त्या सराईत परभणी जिल्ह्यातल्या कैक लग्नांचा मजकूर पिठात लोळून गेला. कागदाला रॉकेलचा वास, भाकरीलाही रॉकेलचा वास. आत्याबाई डबा हलवून म्हणायच्या, "ह्या घरात जवारी लय लागायली अलीकडं." आमच्या ह्यांना सगळं कळलं होतं. ते भाकरीचा वास घ्यायचे, माझ्याकडं बघायचे आणि मुकाट जेवायचे. भित्रे होते, पण चांगले होते.

दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या की मी पेन काढायची. घरात माझं काही चालत नव्हतं. भाजीत मीठ किती, हेसुद्धा विचारून. पण त्या कागदाच्या समासात मी जे लिहीन ते दुसऱ्या दिवशी शिशात उतरायचं आणि छापून सगळ्या तालुक्यात जायचं. ही नशा वाईट. दारू पिणाऱ्याला निदान आपण प्यालो हे कळतं. मी नुसत्या चुका काढून थांबेना. मी भर घालायला लागले. कुठं एखादं विशेषण, कुठं "सहकुटुंब सहपरिवार". अप्पांना दिसत नव्हतं, गिऱ्हाईक घाईत होतं, आणि शेवटचं मुद्रित गिऱ्हाईकाला दाखवून सही घ्यायची रीत अप्पांनी त्या सराईत सोडून दिली होती. का, तर आपल्याकडं आता बीए झालेली बाई आहे.

अशात जोंधळ्यांची पत्रिका आली. मुलगी पिंगळीची, सुमन. मुलगा पाथरीचा. सुबक अक्षरातला कागद. मी वाचला आणि मला कीव आली. वर काही नाही. श्रीगणेश प्रसन्न नाही, कुलदैवत नाही, नुसतं "मंगल परिणय". मुहूर्ताचं नाव नाही, सकाळची सरळ घड्याळातली वेळ. मुलीच्या नावाआधी "आयुष्मती". मी मनात म्हटलं, बिचारी खेड्यातली माणसं, पत्रिका कशी लिहावी हे यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगूया. मी वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: इथं गणपतीचा ठसा. त्याखाली श्रीगणेश प्रसन्न, त्याखाली कुलदैवत प्रसन्न, आणि "मंगल परिणय" खोडून "शुभविवाह". "आयुष्मती"पुढं प्रश्नचिन्ह काढलं. जुळाऱ्यानं ते तेवढं छापलं नाही, हे नशीब.

सई विचारेल, तुला कसं कळलं नाही? बाई गं, आमच्याकडं वैशाखात पत्रिकांचा ढीग पडायचा. मराठ्यांच्या, वाण्यांच्या, लिंगायतांच्या, बामणांच्या. त्या ढिगात तशी पत्रिका एकही नसायची. तशा पत्रिका काढणाऱ्यांची वस्ती स्टेशनाच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर. पण तिकडून आमच्याकडं पत्रिका येत नव्हती आणि आमच्याकडून तिकडं जात नव्हती. म्हणून मला वाटलं, तशी पत्रिका जगातच नसते. न बघितलेली गोष्ट म्हणजे चूक, असा माझा हिशेब.

आणि दिवस कोणते? विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याला काही उन्हाळेच लोटले होते. खेड्यापाड्यांत जळालेल्या घरांच्या भिंती तशाच काळ्या उभ्या होत्या. नामांतराचा मोर्चा निघाला की बाजारातली दुकानं पटापट मिटायची. आमच्या ओसरीवर बोलणं व्हायचं ते "त्यांचं" आणि "आपलं" या दोनच शब्दांत. तिसरा शब्द कुणाला सुचत नव्हता. एवढं सगळं कानावर पडत असताना मी मान खाली घालून वेलांट्या बघत होते. मान वर केली असती तर "मंगल परिणय" कुणाच्या पत्रिकेवर असतं हे दिसलं असतं. पण मान वर करणाऱ्यातली मी नव्हते. मला वाटायचं, राजकारण पुरुषांनी करावं, आपण शुद्धलेखन करावं.

पत्रिका छापून झाल्या. जोंधळ्यांनी सुतळीनं बांधलेला गठ्ठा तसाच उचलला आणि पहिला मान सोयऱ्यांचा म्हणून थेट पाथरीची एसटी धरली. गठ्ठा सुटला तो सोयऱ्यांच्या ओट्यावर, चार माणसांत. मुलाचे चुलते नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांनी पत्रिका बघितली आणि खाली ठेवून दिली. आधी या माघारी न्या, म्हणाले, मग लग्नाचं बघू.

दुसऱ्या दिवशी जोंधळे सुमनला घेऊन अप्पांकडं गेले. अप्पांनी आपली कातडी वाचवली आणि माझ्या घराचा पत्ता दिला.

मी आत परातीत पीठ मळत होते. दारात बाईचा आवाज आला, "छापखान्याचं काम करणाऱ्या बाई इथंच राहतेत का?"

"हितं कुनी छापखान्याची न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. ज्वारीचा उलगडा झाला असावा. "कोण म्हनावं तुमी?"

"जोंधळे," बापाचा आवाज. "पिंगळीचे."

"कोनते जोंधळे?"

मुलगी बोलली. "जयभीमवाले."

आत्याबाई परसात गेल्या. तिथं कोनाड्यात जर्मनचा एक पेला कायम पालथा असायचा. तो कुणासाठी, हे मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकले होते आणि पुन्हा कधी विचारलं नव्हतं. त्या पेल्यात पाणी आलं आणि ओट्याच्या कडेला ठेवलं गेलं. बापलेक उन्हातून चालत आलेले. सुमननं पेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पिठानं भरलेले हात घेऊन उंबऱ्यात उभी.

"तहान न्हाई," ती म्हणाली. आणि पत्रिका माझ्यापुढं धरली. "ह्ये तुमी केलं?"

माझा गणपती छान उठला होता. सोंड स्पष्ट, मोदकसुद्धा दिसत होता.

आता शहाणं माणूस इथं गप्प बसलं असतं. मी म्हणाले, "मी तुमच्या चांगल्यासाठीच केलं हो. गणपती काय, सगळ्यांचंच भलं करतो."

"करतो ना? मग तुमच्या घरच्या पत्रिकेवर आमचा बुद्ध छापा. त्योबी भलंच करतो."

बाप म्हणाला, "सुमे, हळू." मग माझ्याकडं वळून, खाली बघत, "बाई, अप्पाकडं गणपतीचा ठसा हाय, कलशाचा हाय, वाजंत्र्याचा हाय. बुद्धाचा न्हाई. म्हून आमीच म्हनलो, वरची जागा मोकळी राहू द्या. अप्पाला सांगितलं होतं."

अप्पांनी मला सांगितलं नव्हतं. पण सांगायला मी विचारलं कुठं होतं?

"माझ्या आज्यानं देव नदीला सोडले," सुमन म्हणाली. "गावानं पानी बंद केलं तरी माघारी आनले न्हाईत. अन् तुमी घरी बसून आनले. आता सोयरे म्हनतेत, हे लोक मोर्च्यात एक अन् घरात एक. आठ दिवसांवर लग्न हाय माझं. काय सांगू त्यांला? बीए झालेल्या बाईनं भलं केलं?"

मी हात धुतले, चपला घातल्या. आत्याबाई म्हणाल्या, "दळण तर कालच झालं."

"दळणाला नाही चालले," मी म्हणाले. शौर्य म्हणाल तर एवढंच. यापुढं शोधू नका, सापडणार नाही.

छापखान्यात ट्रेडल मशीन धडधडत होतं. अप्पांनी आम्हाला बघून आधी डोळे पुसले, मग हात जोडले. "मशीन मोकळी न्हाई. सराई हाय. पुढच्या हप्त्यात नव्या काढून देतो."

"पुढच्या हप्त्यात लग्न हाय," सुमन म्हणाली.

"मग अक्कालाच इचारा. चूक अक्काची."

अक्का भिंतीला चिकटून उभी होती आणि भिंतीवरच्या भावपत्रकातली चूक तिला दिसत होती. खरं सांगते, त्याही वेळी दिसत होती.

सुमननं एक पत्रिका घेतली. गणपती, प्रसन्न, प्रसन्न, शुभविवाह, एवढा भाग मागं दुमडला आणि नखानं घडी घातली. "हितून कापा."

अप्पा दचकले. "कापलेली पत्रिका? शुभकार्याची? अवो, मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतेत."

मीही मान हलवली. आमच्याकडं कोपरा फाटलेलं पोस्टकार्ड दारात आलं की वाचायच्या आधीच रडायला सुरुवात व्हायची.

"अप्पा, पाथरीला काल आमचं मयतच झालं," सुमन म्हणाली. "कापा."

अप्पा यंत्राजवळ गेले. कागद कापायचं ते थोरलं लोखंडी पातं. गठ्ठा खाली सरकवला आणि त्यांचा हात थांबला. देवाची मान कोण कापणार? म्हणाले, माझ्यानं होत न्हाई. जुळाऱ्याकडं बघितलं, तो खिळ्यांच्या पेटीत तोंड घालून बसला. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अंधश्रद्धेवर कॉलेजात निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"सरका," सुमन म्हणाली. "तुमी नुसते काठ जुळवून धरा. तेवढं येतं न्हवं?"

मी काठ जुळवले, तिनं दांडा ओढला. पातं खाली आलं की करकर आवाज व्हायचा आणि गणपतींची चळत खाली पडायची. अप्पा वाकून एकेक पट्टी वेचत होते, कपाळाला लावत होते, आणि तोंडानं शिव नाव घेत होते. बाप दारात पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, रडत होता की हसत होता ते मला कळलं नाही आणि जवळ जाऊन बघायचा धीर झाला नाही. कापून झालेल्या पत्रिका बुटक्या दिसत होत्या. पहिली ओळ: आयुष्मती सुमन. त्या सराईत माझ्या हाताखालून एवढ्या पत्रिका गेल्या, पण नवरीच्या नावावर कुणीच बसलेलं नाही अशी ही एकच.

लग्न झालं. पाथरीच्या चुलत्यांनी कापलेल्या काठावरून अंगठा फिरवला, काय झालं ते ऐकलं आणि पोट धरून हसले, असं जोंधळ्यांनी नंतर अप्पांना सांगितलं. अप्पांनी मला सांगितलं ते काम बंद करता करता. "अक्का, तुमची नजर चांगली हाय, पन आता नको." गिरणीत दळण टाकायला त्यानंतर आत्याबाई स्वतः जायला लागल्या. कोनाड्यातला पेला तिथंच राहिला. तो मी काढला, पण लगेच नाही, आत्याबाई गेल्यावर. म्हणजे तो काढण्यात फार मोठेपणा उरला नव्हता. पुढं टपालानं पुस्तकांची मुद्रितं यायला लागली, डोळे थकेपर्यंत तपासली. विद्यापीठाचं नाव बदलायला कितीतरी वर्षं गेली, आणि बदललं तेही जुनं शेजारी ठेवून. दोन्ही बाजूंचे लोक अजून त्याच्या समासात भांडतात.

सईला वाटतं तिची गिऱ्हाइकं फार दुष्ट. तोंड न दाखवता शेरा मारतात म्हणते. मला वाटतं, सुटली. माझं गिऱ्हाईक उन्हातून चालत दारात आलं, पाण्याला शिवलं नाही, आणि तोंडावर बोलून गेलं.

कारण तेवढं होऊनही माझी जीभ आवरली नव्हती. सगळ्या पत्रिका कापून झाल्या, सुमन सुतळी आवळत होती, आणि मला वाटलं आता आमचं मिटलं, आता आम्ही जवळजवळ मैत्रिणीच. मी हात पुढं करून म्हणाले, "मलाही एक द्या ना." तिनं गाठ मारली, गठ्ठा काखेला लावला आणि म्हणाली,

"तुमाला कशाला? तुमी लग्नाला तर येनार न्हाईत. घरी बसून दुरुस्त करताल, अन् माघारी पाठवताल."